पाचवीत नापास झाले म्हणून शाळा सुटत नाही : बदललेल्या परीक्षा पालकांनी समजून घ्याव्यात

“आठवीपर्यंत कुणाला नापास करत नाहीत” हे वाक्य आपल्या घराघरांत इतके रुळले आहे की ते आता खरे राहिले नाही, हेच अनेकांना माहीत नाही. रेवस-मांडव्यापासून मुरूड-श्रीवर्धनपर्यंत आपल्या किनारपट्टीवरच्या बऱ्याच घरांत वडील बोटीवर, मुंबईत नाहीतर आखातात असतात. शाळेचा सगळा व्यवहार आईच्या किंवा आजी-आजोबांच्या अंगावर पडतो. शाळेच्या ग्रुपवर कधी पॅट चाचणी, कधी वार्षिक परीक्षा, कधी शिष्यवृत्ती असे निरोप येत राहतात. यातल्या कोणत्या परीक्षेने काय ठरते, हे मात्र कुणी बसून सांगत नाही. म्हणून आम्ही ते इथे सोप्या शब्दांत मांडत आहोत.

आधी मागचे थोडे. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला त्याच वर्गात मागे ठेवायचे नाही, असे त्यात होते. त्याच वर्षी महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि प्रगतिपत्रकावर गुणांऐवजी श्रेणी दिसू लागल्या. हेतू चांगला होता. नापासाच्या भीतीने शाळा सोडणारी मुले बहुतेक गरिबाघरचीच असत. पण मूल्यमापन म्हणजे मुलाला काय येत नाही ते वेळीच शोधून शिकवणे, हा भाग अनेक ठिकाणी कागदावर राहिला. मूल वाचता येवो न येवो, वर चढत गेले आणि नववीत एकदम आपटले.

२०१९ साली संसदेने कायद्यात दुरुस्ती केली. पाचवी आणि आठवीच्या शेवटी परीक्षा घ्यायची आणि मुलाला मागे ठेवायचे की नाही हे राज्याने ठरवायचे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलले आणि २०२३-२४ या वर्षापासून ही वार्षिक परीक्षा सुरू झाली.

पाचवीला प्रत्येक विषयाची परीक्षा ५० गुणांची, आठवीला ६० गुणांची. पास होण्यासाठी प्रत्येक विषयात ३५ टक्के लागतात. म्हणजे पाचवीला ५० पैकी १८ आणि आठवीला ६० पैकी २१. ही बोर्डाची परीक्षा नाही, ती शाळेच्याच पातळीवर होते. मूल नापास झाले तर शाळेने त्याला जादा मार्गदर्शन द्यायचे आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षा घ्यायची. आपल्याकडे ती जूनमध्ये होते. तिच्यातही मूल पास झाले नाही तरच ते त्याच वर्गात राहते. पहिली ते चौथी, सहावी आणि सातवी या वर्गांत मागे ठेवण्याची तरतूद नाही.

एक गोष्ट पालकांनी पक्की लक्षात ठेवावी. प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. मूल नापास झाले आणि कुणी “दाखला घेऊन जा” म्हणाले, तर दाखला घेऊ नका. तसे सांगण्याचा अधिकार शाळेला नाही.

दुसरी बाब मदरशातून किंवा परदेशातून येणाऱ्या मुलांची. वयाप्रमाणे थेट सहावी ते आठवीत प्रवेश घ्यायचा असेल, तर आता पाचवीच्या परीक्षेत पास होण्याची अट आहे. त्याची तयारी आधीच करून ठेवावी.

बाकीच्या चाचण्यांचा पास-नापासशी संबंध नाही. पॅट म्हणजे नियतकालिक मूल्यांकन चाचणी. ती भाषा, गणित आणि इंग्रजी या विषयांत होते, उर्दू माध्यमातही होते. मूल कुठे मागे आहे हे शाळेला कळावे, एवढाच तिचा उपयोग. त्यासाठी वेगळी शिकवणी लावायची गरज नाही. गुण मात्र शाळेत जाऊन जरूर विचारा.

शिष्यवृत्ती परीक्षा ऐच्छिक आहे. २०१६-१७ पासून ती पाचवी आणि आठवीला होत होती. ती पुन्हा चौथी आणि सातवीला नेण्याचा निर्णय झाला आहे. २०२५-२६ हे बदलाचे वर्ष म्हणून चारही इयत्तांना संधी ठेवली गेली आणि त्यापुढे फक्त चौथी आणि सातवी. दोन पेपर, प्रत्येकी १५० गुणांचे. माध्यमांत मराठी, इंग्रजीबरोबर उर्दूही आहे. केंद्र सरकारने अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची पहिली ते आठवीची शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून बंद केली. त्यानंतर आपल्या मुलांसाठी या परीक्षेचे आणि आठवीतल्या एनएमएमएस परीक्षेचे महत्त्व वाढले आहे. एनएमएमएसमध्ये निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. त्यासाठी पालकांचे उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत हवे आणि मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेत हवे.

आता आमचे मत. परीक्षा घेणे वाईट नाही. मुलाला वाचता येत नाही हे पंधराव्या वर्षी कळण्यापेक्षा दहाव्या वर्षी कळलेले बरे. आमची काळजी वेगळी आहे. जिल्हा परिषदेच्या बऱ्याच शाळा चौथीपर्यंतच असतात. पाचवीला मूल दुसऱ्या गावच्या शाळेत जाते. नवे सर, नवी मुले, एसटीचा नाहीतर सहा आसनीचा प्रवास, काहींचे तर माध्यमही उर्दूचे मराठी किंवा इंग्रजी होते. पास-नापासची पहिली परीक्षा नेमकी त्याच वर्षी येते. त्यात मुलगा मागे राहिला तर त्याला होडीवर किंवा गॅरेजमध्ये पाठवले जाते. मुलगी मागे राहिली तर “आता घरीच राहू दे” म्हणतात. कायद्याने त्यांना शाळेबाहेर काढलेले नसते. आपणच काढतो.

ते टाळायचे तर लक्ष एप्रिलमध्ये नव्हे, दिवाळीत द्यायला हवे. पहिल्या सत्राचा निकाल आला की शाळेत जाऊन तीन गोष्टी विचारा. मुलाला वयाच्या मानाने वाचता-लिहिता येते का? कोणत्या विषयात ३५ टक्क्यांच्या आसपास आहे? जादा तास कधी घेणार? उर्दू माध्यमाच्या मुलांचे मराठी आणि इंग्रजी खास तपासा. तोंडी आणि प्रात्यक्षिकाच्या दिवशी मूल गैरहजर राहू देऊ नका, ते गुणही बेरजेत येतात.

निकालानंतरचे दोन महिने सर्वांत नाजूक. तेव्हा सुट्टी, लग्नसराई, नातेवाइकांकडे जाणे असे सगळे एकदम येते. ज्याची पुनर्परीक्षा आहे त्या मुलाला गावीच ठेवा आणि जादा मार्गदर्शन खरोखर होते की नाही ते पाहा. होत नसेल तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, मग केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी आहेतच.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असे कायदा सांगतो. आपल्या आया-बहिणी त्यात नावापुरत्या नकोत, बैठकीत बोलणाऱ्या हव्यात. आणि जमातीच्या कारभाऱ्यांना आमचे सांगणे आहे की, गावातल्या मक्तबची जागा मे महिन्यात दुपारी रिकामी असते. शिकलेली दोन मुले-मुली तिथे गणित आणि मराठी शिकवायला बसली, तर पाच-दहा लेकरांचे वर्ष वाचेल. यासाठी ना देणगी लागते, ना परवानगी. या उन्हाळ्यापासून सुरुवात करता येईल.