सहृदयांची साक्ष

विष्णु दिगंबरांचा सहवास लाभलेल्या आमच्या नाशकात विलायती गिटारचे नाव काढताच वडीलधारी मंडळी नाक मुरडतात. त्यांस आमची विनंती, 'शक्ति' हा मेळ ऐकावा. झाकीर हुसेन व जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्या या मेळाची पहिली तबकडी १९७५ साली श्रोत्यांसमक्षच मुद्रित झाली. १९९७ साली मेळ पुनश्च जमला. डिसेंबर २००० मधील त्याच्या मुंबईच्या मैफली 'सॅटरडे नाइट इन बॉम्बे' या ध्वनिमुद्रिकेत आहेत. बंद खोलीत चूक पुसता येते, भरसभेत नाही. तेथे दादही कलेचा अंश होते. अभिनवगुप्तांचा 'सहृदय' तो हाच. मेंडोलिनवादक श्रीनिवास २०१४ साली, झाकीर २०२४ साली निवर्तले; ती संगत आता पुन्हा जुळणे नाही. सुज्ञ वाचकहो, नातवंडांस जवळ बसवून ती ऐकावी.