बाहेरचे लोक

जबरानजोतीचा मोर्चा निघाला की साहेब म्हणतात, बाहेरचे लोक तुम्हाला भडकवतात. आम्ही त्यांना नागपूरच्या गोपाळ मुकुंद हुद्दारांचं सांगतो. १९३७ साली 'जॉन स्मिथ' नावानं ते स्पेनच्या यादवी युद्धात लढायला गेले, १९३८ मध्ये फ्रँकोच्या कैदेत पडले. तेही बाहेरचेच! पण भांडण त्यांनी नाही लावलं. १९३६ च्या मार्चातच एस्त्रेमादुराच्या हजारो भूमिहीनांनी जमीनदारांच्या वावरात नांगर घातले होते. जुलैत सेनापती उठले, मग पन्नासेक देशांतले स्वयंसेवक आले. १९३८ मध्ये ते परत गेले. मागं भोगलं तिथल्याच शेतकऱ्यांनी. धारणी-चिखलदऱ्यात कोणी मदतीला आला तर भाकर द्यावी. मोजणीच्या दिवशी मात्र वावरात आपणच उभं राहावं, बायामाणसांसकट.