मिश्रणाची परीक्षा मिश्रणातच!

नव्या बुटांच्या खोक्यात किंवा औषधाच्या बाटलीत एक लहानशी पुडी सापडते. ‘खाऊ नये’ अशी सूचना तिच्यावर छापलेली असते, म्हणून आपण ती फेकून देतो. या पुडीत सिलिका जेलचे दाणे असतात आणि ते भोवतालच्या हवेतील बाष्प धरून ठेवतात. त्यांनी किती बाष्प धरले हे कसे कळेल? तुम्ही म्हणाल, त्यात काय अवघड आहे? आधी वजन करायचे, नंतर वजन करायचे आणि वजाबाकी करायची.

उत्तर चांगले आहे. पण त्यात एक गोष्ट आपण न तपासताच गृहीत धरली. वाढलेले वजन पाण्याचेच आहे, हे आपल्याला कोणी सांगितले? हवा हे मिश्रण आहे. तिच्यात नायट्रोजन, ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ, शिवाय स्वयंपाकघरातले नाना वास असतात. काटा ‘किती’ ते सांगतो. ‘कोण’ ते सांगत नाही.

आज मला जे म्हणायचे आहे ते याच प्रश्नाबद्दल. जो पदार्थ मिश्रणात वापरायचा आहे, त्याची परीक्षाही मिश्रणातच झाली पाहिजे. आणि अशी परीक्षा घेणाऱ्या उपकरणांना आपण आज देतो त्याहून बराच अधिक मान दिला पाहिजे.

प्रथम मूळ कल्पना स्पष्ट करू. सोडावॉटरमध्ये कार्बन डायऑक्साइड पाण्याच्या सर्व भागांत विरघळलेला असतो. हे झाले शोषण. लाकडी कोळसा किंवा सिलिका जेल मात्र वायूचे रेणू आपल्या पृष्ठभागावर चिकटवून घेतात. याला अधिशोषण म्हणतात. चांगल्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅममध्ये इतकी सूक्ष्म छिद्रे असतात, की त्यांच्या भिंतींचे एकूण क्षेत्रफळ सुमारे १००० चौरस मीटर भरते. कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. म्हणजे चिमूटभर कोळशात कबड्डीची सातएक मैदाने मावली!

हे मोजण्याचे एक सुंदर उपकरण १९२६ मध्ये जेम्स मॅकबेन आणि ए. एम. बकर यांनी प्रसिद्ध केले. काचेच्या बंद नळीत क्वार्ट्झच्या बारीक तंतूची स्प्रिंग टांगायची, तिच्या टोकाला लहानशी परडी लावून तीत पदार्थ ठेवायचा, नळीतील हवा काढून घ्यायची आणि मग हवी ती वाफ आत सोडायची. पदार्थ वाफ धरू लागला की वजन वाढते आणि स्प्रिंग ताणली जाते. ती किती ताणली हे बाहेरून भिंगातून वाचायचे. तुमच्या पुस्तकातला हूकचा नियमच येथे कामाला आला. हेच मॅकबेन पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले. या प्रयोगशाळेचे उद्घाटन १९५० मध्ये झाले.

दुसरी रीत दाबाची. ठरावीक आकारमानाच्या पात्रात वायू भरायचा, तो पदार्थाकडे सोडायचा आणि दाब अपेक्षेपेक्षा किती खाली आला ते पाहायचे. जेवढे रेणू पदार्थाला चिकटले, तेवढा दाब कमी झाला.

एकच शुद्ध वायू असेल तर या दोन्ही रीती उत्तम चालतात. अडचण येते ती दुसरा वायू आत शिरला की. एसटी स्टँडवर गाडी लागताच काय होते ते आठवा. एकटाच प्रवासी असेल तर तो हवी ती जागा घेतो. गर्दी असेल तर कोणाला जागा मिळेल हे तो किती चपळ आहे यावर, आणि इतर किती चपळ आहेत यावरही ठरते. पृष्ठभागावरील जागांचे असेच आहे. फरक एवढाच की येथे आधी बसलेल्याला उठवून नंतर आलेला बसू शकतो! म्हणून दोन वायू वेगवेगळे मोजून त्यांची बेरीज केली, तर मिश्रणाचे उत्तर बहुधा मिळत नाही.

ही केवळ पुस्तकी चर्चा नाही. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनसाठी झालेली धावपळ तुमच्या घरातील मोठ्यांना आठवत असेल. त्या काळात अनेक रुग्णालयांच्या आवारात हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारी यंत्रे बसवली गेली. त्यांच्या टाक्यांत झिओलाइट नावाच्या सच्छिद्र पदार्थाचे दाणे असतात. दाब वाढवला की झिओलाइट नायट्रोजनला ऑक्सिजनपेक्षा अधिक धरून ठेवतो, आणि पुढे जाणारी हवा ऑक्सिजनने समृद्ध होते. दाब कमी केला की नायट्रोजन सुटतो आणि दाणे पुन्हा कामाला तयार होतात.

आता या पदार्थाची परीक्षा फक्त शुद्ध नायट्रोजन आणि शुद्ध ऑक्सिजन घेऊन केली असती तर? दोन गोष्टी नजरेतून सुटल्या असत्या. पहिली म्हणजे आरगॉन. हवेत तो जेमतेम ०.९ टक्के असतो, पण झिओलाइट त्याला जवळजवळ ऑक्सिजनसारखाच वागवतो. म्हणून सगळा नायट्रोजन काढला तरी ऑक्सिजन सुमारे ९६ टक्क्यांच्या पलीकडे जात नाही. हवेतील ऑक्सिजन २१ टक्के धरून हा हिशेब वहीत करून पाहा. दुसरी गोष्ट अधिक गंभीर, ती म्हणजे पाणी. ३० अंश सेल्सिअस तापमानाला बाष्पाने संपृक्त झालेल्या एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम पाणी असते. कोकणातल्या पावसाळ्यात हवा या स्थितीच्या फार जवळ असते. झिओलाइट पाण्याला इतके घट्ट धरतो, की नुसता दाब कमी करून ते सुटत नाही. जागा अडून राहतात आणि नायट्रोजन मोकळा निघून जातो. म्हणूनच अशा यंत्रांत हवा आधी कोरडी करून घ्यावी लागते. रुग्णाच्या नाकाशी जाणारा ऑक्सिजन शुद्ध आहे की नाही, हे शेवटी या ‘तिसऱ्या प्रवाशावर’ अवलंबून असते.

मग मिश्रण मोजायचे कसे? येथे तुमचे बीजगणित उपयोगी पडते. एका पदार्थाने कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन यांचे मिश्रण धरले आहे असे समजा. दाबाच्या रीतीने कळले की एकूण ५ मिलिमोल वायू धरला गेला. काट्याने सांगितले की वजन २०४ मिलिग्रॅमने वाढले. कार्बन डायऑक्साइडच्या एका मिलिमोलचे वजन ४४ मिलिग्रॅम, नायट्रोजनचे २८. दोन समीकरणे मांडा आणि सोडवा. उत्तर येईल ४ मिलिमोल कार्बन डायऑक्साइड आणि १ मिलिमोल नायट्रोजन. दाब रेणूंची संख्या सांगतो, काटा त्यांचे वजन सांगतो. दोघांच्या साक्षी एकत्र केल्या की रेणूंची ओळख पटते.

आता नायट्रोजनच्या जोडीला कार्बन मोनॉक्साइड घ्या. त्याचेही वजन २८! दोन्ही समीकरणे एकच होऊन बसतात आणि उत्तर निघत नाही. अशा वेळी तिसरा साक्षीदार बोलवावा लागतो. मिश्रणाचा थोडासा नमुना काढून वायू-वर्णलेखन यंत्रात त्याचे घटक वेगळे करून मोजतात. आणखी एक रीत अशी : पदार्थाने भरलेल्या नळीतून मिश्रण सतत सोडायचे आणि दुसऱ्या टोकाला कोण, केव्हा, किती बाहेर येतो याची नोंद ठेवायची. दुबळेपणाने चिकटणारा वायू आधी बाहेर येतो. कधी कधी तर तो आत सोडलेल्या प्रमाणाहूनही अधिक प्रमाणात बाहेर पडतो, कारण मागून येणारा बलवान वायू त्याला जागेवरून उठवत असतो.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? गणिताने भागत नाही का? १९६५ मध्ये मायर्स आणि प्राउस्निट्झ यांनी शुद्ध वायूंच्या मोजमापांवरून मिश्रणाचे वर्तन काढण्याची रीत दिली आणि ती आजही वापरली जाते. ती फार उपयोगी आहे हे मला मान्य आहे. पण ती काही गृहीतांवर उभी आहे, आणि पाण्याची वाफ त्या गृहीतांना अनेकदा जुमानत नाही. गणिताने वाट दाखवावी. निकाल मात्र प्रयोगाने द्यावा.

तरीही मिश्रणाची मोजमापे शुद्ध वायूंच्या मानाने फार थोडी होतात. ती किचकट असतात, वेळ घेतात आणि त्यांतून येणारा आकडा बहुधा कमी आकर्षक असतो. २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉब्सन आणि ओमर यागी यांना धातू आणि सेंद्रिय रेणू जोडून बनवलेल्या सच्छिद्र चौकटींसाठी मिळाले. हा सन्मान रास्तच आहे. पण अशा चौकटींपैकी काही कोरड्या वायूत भरपूर कार्बन डायऑक्साइड धरतात आणि दमट वायूत हात टेकतात. उलट २०२१ मध्ये जाहीर झालेल्या ‘कॅल्फ-२०’ या पदार्थाचे नाव झाले ते तो दमट वायूतही टिकाव धरतो म्हणून. धुराड्यातून कोरडा, शुद्ध वायू कधीच येत नाही. मग कोरड्या आकड्याचे कौतुक किती करायचे?

शिक्षक बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. वर्गात हा लहानसा प्रयोग करून घ्या. रंग बदलणारे नारंगी सिलिका जेल स्वतःच्या देखरेखीखाली सुमारे ११० अंशांवर तापवून घट्ट झाकणाच्या डब्यात थंड करा. त्याचे सारखे दोन भाग करा. एक उघड्या बशीत ठेवा, दुसरा बंद बरणीत कापराच्या वडीसोबत, पण तिला न चिकटेल असा. आठवडाभर रोज दोहोंचे वजन आणि रंग टिपा. रंग फक्त पाण्याची साक्ष देतो, वजन मात्र सगळ्यांची. दोघांच्या साक्षी दोन्ही ठिकाणी जुळतात का, हे मुलांनाच ठरवू द्या.

आणि विद्यार्थी मित्रहो, यापुढे ‘हा पदार्थ इतका वायू धरतो’ असे कोठेही वाचलेत, तर लगेच विचारा : मोजताना त्याच्या सोबत आणखी कोण होते?