मोजणीबाहेर राहिलेल्या गोगलगायी

मुंबई–अहमदाबाद वेगवान रेल्वेमार्गासाठी खारफुटीची सुमारे 20 हजार झाडे तोडण्यास मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये अनुमती दिली, तेव्हा तोडलेल्या झाडांच्या पाचपट झाडे लावण्याची हमी प्रकल्पातर्फे देण्यात आली होती. एकाच्या बदल्यात पाच, हा व्यवहार वरकरणी कोणालाही नफ्याचाच वाटेल. परंतु या हिशेबात झाडे तेवढी मांडली जातात आणि वन मांडायचे राहून जाते. ही चूक किती मोठी आहे, हे कळण्यासाठी तिवराच्या फांद्यांवरून दृष्टी खाली चिखलाकडे न्यावी लागेल.

त्या चिखलात गोगलगायींची एक वसाहतच नांदत असते आणि तिच्यात जागेची वाटणीही ठरलेली असते. लिटोरारिया भरतीचे पाणी चुकवून खोडांवर व पानांवर चढून राहतात. नेरिटा मुळांना आणि खडकांना चिकटतात. उघड्या गाळावर पिरेनेलाचे थवे पसरलेले असतात, तर लांबट शंकूच्या आकाराची टेलिस्कोपियम चिखलाचा वरचा थर संथपणे चरत असते. शेवाळ आणि कुजलेला पाचोळा खाऊन हे जीव त्याचे बारीक कणांत रूपांतर करतात. त्यांवर सूक्ष्म जीव पोसले जातात, आणि पुढे याच साखळीवर खेकडे, मासे व पक्षी जगतात. रिकामा झालेला शंखही वाया जात नाही. त्यात शंखवासी खेकडा बिऱ्हाड करतो.

या श्रमाला बाजारात भाव नाही, म्हणून ताळेबंदात त्याला स्थान नाही. वस्तुतः कोळ्याच्या जाळ्यातील मासळीच्या किमतीत या बिनपगारी कामाचा वाटा असतोच. रोप कंत्राटदार लावू शकतो. गोगलगायींच्या अनेक जातींची पिल्ले मात्र भरतीच्या पाण्यातूनच येतात. भराव किंवा बांध घालून भरती अडवली, तर लावलेली रोपे कागदावर कितीही भरली तरी ती वसाहत पुन्हा वसत नाही.

समुद्र नसलेल्या जळगाव-धुळ्याने ही चिंता का वाहावी, असा प्रश्न कोणी विचारील. आपली तापी सुरतेपाशी ज्या समुद्राला मिळते, त्याच्या काठचेच हे वन आहे, हे एक उत्तर. दुसरे अधिक निकटचे आहे. 1980 च्या वनसंवर्धन कायद्यानंतर रुजलेली भरपाई वनीकरणाची रीत सातपुड्यालाही लागू आहे. तेथेही झाडांचा आकडा जुळला की हिशेब पुरा झाला, असेच मानले जाण्याचा धोका आहे.

रेल्वे नको, असा याचा अर्थ नव्हे. खारफुटीचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरवणाऱ्या 2018 च्या निकालातही उच्च न्यायालयाने सार्वजनिक हिताच्या कामाला वाट ठेवली होती. मागणी आहे ती हिशेब पूर्ण मांडण्याची. तोडीपूर्वी झाडांबरोबर चिखलातील जीवांचीही जातवार मोजणी व्हावी. नव्या लागवडीत भरतीचे पाणी खेळते राहावे. काही वर्षांनी फेरमोजणी करून त्या जाती परतल्या आहेत असे दिसेपर्यंत भरपाई पुरी झाली असे मानू नये. पाचपट झाडे लावूनही चिखल ओसाड राहिला, तर त्या व्यवहाराला तोटाच म्हणावे लागेल.