कपाशीची खालची पाने खुडावीत काय?

भाद्रपद उलटून कपाशीस बोंडे धरू लागली म्हणजे झाडाच्या बुडाची पाने पिवळी पडतात, व ती पाहून आमचे कित्येक शेतकरीबंधू मजूर लावून ती सरसकट खुडून टाकतात. पिवळे पान झाडाचा रस फुकट खाते, ते काढले म्हणजे तो रस बोंडास मिळतो, अशी त्यांची समजूत असते. आमच्या मते ही समजूत चुकीची असून खर्चाचीही आहे. सबब तिचा येथे थोडा विचार करू.

पिकलेले पान झाडाजवळ काही मागत नाही, उलट देत असते. पान म्हातारे झाले म्हणजे झाड त्यातील हिरवे द्रव्य मोडून त्यातला नत्र वरच्या पानांकडे व बोंडांकडे ओढून घेते. हे काम आटोपले की देठाशी पडदा धरतो व पान आपोआप गळते. अर्धवट पिवळे पान खुडणे म्हणजे वाटेत असलेला नत्र बांधावर फेकणे होय. शिवाय घाईने चालणारा हात पिवळे व हिरवे असा भेद करीत नाही. बोंडाचे पोषण मुख्यत्वे त्याच्या लगतच्या पानाकडून होते, आणि खालची बोंडे तर सर्वांआधी धरलेली. त्यांच्या शेजारचे हिरवे पान गेले की बोंड हलके राहिलेच म्हणून समजावे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. मुलकी खात्यात असता पीकपाहणीच्या निमित्ताने आम्ही घाटावरची व घाटाखालची पुष्कळ शेते पाहिली. तीवरून आमचे असे मत झाले आहे की, पिवळे पान हा शेताचा जबाब असतो. तो पुरता वाचल्याखेरीज फाडून टाकू नये. खालचे पान सबंध पिवळे पडले, तर बहुधा नत्र कमी पडला असे समजावे. शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा व पुढे तांबडा होऊ लागला, तर मॅग्नेशियमची उणीव संभवते. लाल्याचे हे एक कारण आहे. खालची पाने हिरवी असून शेंड्याचीच पिवळी पडत असतील तर लोहाकडे पहावे, कारण लोह जुन्या पानातून नव्यात सहसा जात नाही. पानाच्या कडा पिवळ्या-तांबड्या होऊन खाली वळल्या असतील, तर पान उलटून तुडतुडे शोधावेत.

उपायही त्या-त्या कारणाचा करावा. नत्रासाठी दहा लिटर पाण्यात 200 ग्रॅम युरिया, मॅग्नेशियमसाठी तितक्याच पाण्यात 100 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, अशी फवारणी करतात. परंतु पूर्णाकाठच्या भारी काळ्या जमिनीत पाणी साचून मुळ्या गुदमरल्या असतील, तर आधी चरी काढून पाणी बाहेर घालवावे. मुळीस हवा नसता वरून घातलेले खत फारसे लागू पडत नाही. पान खुडल्याने यांपैकी एकही कारण दूर होत नाही. काही दिवसांत वरचे पान पिवळे पडते, आणि मजुरी मात्र पुन्हा द्यावी लागते.

पाने मुळीच काढू नयेत, असे आमचे म्हणणे नाही. पीक फार दाटले व पाऊस लांबला म्हणजे बुडाशी हवा खेळत नाही आणि बोंडे सडतात. अशा वेळी चिखलास टेकलेली व रोगट डागांची पाने, उघडीप पाहून, बेताने काढावीत. ती बांधावर न टाकता शेताबाहेर नेऊन नष्ट करावीत. गळफांदी काढण्याची जी रीत हल्ली पुष्कळ ठिकाणी पसरली आहे, तीही निराळी. ती सुमारे 40 ते 45 दिवसांच्या पिकात करावयाची असून तीत कोवळी वाढफांदी जाते, बोंडाचे पान नव्हे. या दोहोंची गल्लत करू नये.

ज्यांस आमचे म्हणणे पटत नसेल त्यांनी वाद न घालता तराजू हाती घ्यावा. यंदा एकाच शेतात सारख्या जमिनीची चार तासे घ्यावीत, दोहोंतील पिवळी पाने खुडावीत, दोहोंतील तशीच ठेवावीत, आणि प्रत्येक वेचणीचा कापूस वेगवेगळा तोलून मजुरीसह लिहून ठेवावा. असे आकडे मंडळाकडे आल्यास, ते आमच्या मताविरुद्ध असले तरी, त्यांचे स्वागतच होईल. ज्या मजुरीचा मोबदला कापसाच्या वजनात दिसत नाही, ती मजुरी शेतकऱ्याने का द्यावी, एवढाच आमचा प्रश्न आहे.