दार उघडाल ना?

विमानाच्या शौचालयाचे दार नीट पाहिले तर त्यावर किंवा शेजारी एक चिमुकला अ‍ॅशट्रे दिसतो. विमानात सिगारेट ओढायला बंदी येऊन कितीतरी वर्षे झाली, बंदीचे चिन्ह डोक्यावर अखंड जळत असते, तरीही नवीकोरी विमाने हा अ‍ॅशट्रे लेवूनच कारखान्याबाहेर पडतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते, कुठल्याशा खात्याला जुना नियम काढायचा राहून गेला. तसे नाही. 11 जुलै 1973 रोजी ब्राझीलच्या व्हारिग कंपनीचे बोइंग 707 पॅरिसच्या ओर्ली विमानतळाच्या अलीकडेच शेतात उतरवावे लागले. मागच्या शौचालयात लागलेल्या आगीत 123 जण गेले, बहुतेक धुराने गुदमरून. संशय होता कचऱ्याच्या डब्यात टाकलेल्या जळत्या थोटकावर. बंदी असली तरी कुणीतरी चोरून ओढणारच, आणि ओढली तर ती विझवायला कागदांनी भरलेल्या डब्याखेरीज दुसरी जागा हवी. माणसाच्या स्वभावाचा इतका रोकडा हिशेब सरकारी नियमात फार क्वचित सापडतो.

तो अ‍ॅशट्रे जागेवर आहे की नाही हे अधूनमधून येऊन पाहणारा एक सरकारी माणूस असतो. आपल्याकडे तपासनीस म्हटले की मधल्याच थांब्यावर एसटीत चढून वाहकाचा हिशेब आणि प्रवाशांची तिकिटे ताडून पाहणारा माणूस आठवतो. केबिन सेफ्टी इन्स्पेक्टर हा त्याचाच दूरचा भाऊबंद, फक्त याला तिकिटात रस नसतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे ओळखपत्र दाखवून तो आत येतो. पुष्कळदा तो नव्हे, ती असते, आणि आधीची काही वर्षे तिने स्वतःच केबिन क्रू म्हणून काढलेली असतात. अग्निशामक नळकांड्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, ऑक्सिजनच्या बाटलीत दाब किती, प्रथमोपचार पेटीचे सील फुटलेले तर नाही, दारातल्या घसरगुंडीला फुगवणारा वायू पुरेसा आहे का, मेगाफोन बोलतो का, सीटखाली लाइफ जॅकेट आहे की कुणा प्रवाशाने आठवण म्हणून घरी नेले. हो, नेतात. मग ती प्रवाशांमध्येच बसते आणि क्रूकडे पाहत राहते. सुरक्षेचे प्रात्यक्षिक उरकले जाते की दाखवले जाते? चहाच्या ट्रॉलीची खिट्टी लागली का? उतरताना क्रू आपापल्या घडीच्या खुर्चीत पट्टे बांधून बसला, की शेवटच्या क्षणापर्यंत रिकामे कप गोळा करत होता?

तिच्या कामाचा उरलेला, आणि बहुधा मोठा, भाग प्रवाशांच्या नजरेला कधीच पडत नाही. कंपनीची क्रू पुस्तिका वाचायची, प्रशिक्षण केंद्रात जाऊन धुराच्या खोलीतले आणि पोहण्याच्या तलावातले सराव पाहायचे, खोट्या विमानाचे खरे दार नव्या मुलीने ओढून उघडले की सरांनी हात लावला, हे टिपून ठेवायचे. रटाळ काम आहे. ते रटाळ आहे म्हणूनच त्याची किंमत कुणाला कळत नाही, असे या लेखाचे म्हणणे आहे.

2 जानेवारी 2024 च्या संध्याकाळी टोकियोच्या हानेडा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे एअरबस ए350 उतरता उतरता तटरक्षक दलाच्या छोट्या विमानावर आदळले. छोट्या विमानातल्या सहापैकी पाच जण दगावले. मोठे विमान पेटत धावपट्टीवर सरकत गेले. त्यात 379 माणसे होती आणि सगळी जिवंत बाहेर आली. जगाने त्याला चमत्कार म्हटले. प्रत्यक्षात घडले ते असे: उद्घोषणा यंत्रणा बंद पडली होती, तेव्हा क्रूने मेगाफोन आणि घसा वापरला. आठ दरवाजांपैकी तीनच वापरण्याजोगे होते. बाहेर आग कुठे आहे ते खिडकीतून पाहिल्याशिवाय एकही दार उघडले गेले नाही. मागच्या दाराशी असलेल्या क्रूचा कॉकपिटशी संपर्कच होईना, तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर दार उघडायचा निर्णय घेतला. प्रवाशांनी बॅगा वरच राहू दिल्या. शेवटचा माणूस, म्हणजे कॅप्टन, बाहेर पडेपर्यंत सुमारे 18 मिनिटे गेली होती. यातली एकही गोष्ट त्या संध्याकाळी सुचलेली नव्हती. प्रत्येक गोष्ट कुठल्यातरी पुस्तिकेत लिहिलेली होती, कुठल्यातरी सरावात घोटलेली होती.

याची उलटी बाजू 19 ऑगस्ट 1980 ची, रियाधची. सौदिया कंपनीचे ट्रायस्टार विमान आग लागल्यावर परत फिरले आणि धावपट्टीवर अगदी सुखरूप टेकले. पण ते तिथेच थांबले नाही, पुढे चालत राहिले. थांबल्यावरही इंजिने बराच वेळ सुरू होती आणि दरवाजे आतून उघडले गेलेच नाहीत. बाहेरच्यांनी दार उघडले तेव्हा आत सोडवण्यासारखे कुणी उरले नव्हते. 301 पैकी 301. विमान उडवणारा आणि उतरवणारा यांच्यावर आपण इतके भाळलेले असतो की, उतरल्यानंतरच्या दोन मिनिटांचाही एक स्वतंत्र धंदा आहे, त्याचे स्वतंत्र जाणकार लागतात, हे लक्षातच राहत नाही.

आणि ही दोन मिनिटे निर्णायक असतात, कारण विमान अपघात म्हणजे सर्वांचा मृत्यू ही समजूत चुकीची आहे. अमेरिकेच्या एनटीएसबी या अपघात तपास संस्थेने 1983 ते 2000 मधले तिथल्या प्रवासी विमान कंपन्यांचे अपघात तपासले, तेव्हा त्यांत सापडलेल्यांपैकी 95 टक्क्यांहून अधिक लोक वाचल्याचे दिसले. 12 जून 2025 रोजी अहमदाबादला एअर इंडियाचे विमान कोसळले, त्यात केबिनमधल्या कुणाला काही करायला वेळच मिळाला नाही, हे खरे. पण नियम त्या अपघातांसाठी असतात ज्यांत वेळ मिळतो.

हा वेळ किती, याचे उत्तर आहे 90 सेकंद. 44 हून अधिक आसनांचे विमान विकायचे, तर निम्मी दारे बंद ठेवून, अंधारात, सगळ्यांना इतक्या वेळात बाहेर काढून दाखवावे लागते. मार्च 2006 मध्ये हँबुर्गच्या हँगरात एअरबस ए380 मधून 873 माणसे 78 सेकंदांत बाहेर पडली. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण 2019-20 मध्ये एफएए या अमेरिकी विमान वाहतूक नियामकाने सीटमधले अंतर आणि सुटकेचा वेळ यांचा संबंध तपासायला ओक्लाहोमा सिटीत जे सराव घेतले, त्यांतले स्वयंसेवक 18 ते 60 वयाचे, धडधाकट होते. मुंबईहून नागपूरला निघालेल्या कुठल्याही विमानात चढून पाहा: गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या आजी, कडेवरचे बाळ, चाकाच्या खुर्चीतून आणलेले काका. प्रयोगशाळेतले विमान आणि आपले विमान यांतली ही दरी भरून काढायला दारात उभा असलेला प्रशिक्षित क्रू आणि त्याचे प्रशिक्षण तपासणारा माणूस, एवढेच दोघे उरतात.

या क्रूची किंमत न कळण्यात मराठीचाही थोडा दोष आहे. दर 50 आसनांमागे एक, असा या क्रूचा किमान हिशेब असतो. म्हणजे 186 आसनांच्या ए320 मध्ये चार. ही संख्या चहा वाटायला किती हात लागतात यावरून ठरलेली नाही. तरी आपल्या वर्तमानपत्रांनी वर्षानुवर्षे त्यांना ‘हवाई सुंदरी’ म्हटले, जणू भरती रूपावर होते आणि काम हसण्याचे आहे. 1930 साली या व्यवसायातली पहिली स्त्री म्हणून नोकरीला लागलेली एलेन चर्च ही प्रशिक्षित परिचारिका होती. शब्द चुकला की नजर चुकते, आणि नजर चुकली की या मंडळींवर देखरेख ठेवणारे पद सरकारदरबारी शेवटच्या कप्प्यात जाते.

ते किती मागे गेले आहे, ते आकडेच सांगतात. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेच्या वाहतूक, पर्यटन आणि संस्कृतीविषयक स्थायी समितीने हवाई सुरक्षेवरचा अहवाल मांडला. डीजीसीएतील मंजूर पदे 1063, भरलेली 553. जवळजवळ निम्म्या खुर्च्या रिकाम्या. 2024 मध्ये देशांतर्गत विमानप्रवाशांची संख्या 16 कोटींच्या पुढे गेली. 2023 मध्ये दोनच भारतीय कंपन्यांनी मिळून 970 विमानांची मागणी नोंदवली. विमाने येणार, क्रू भरती होणार, प्रशिक्षण केंद्रांत पाळ्या लागणार. ते पाहायला जाणारी माणसे मात्र आहेत तेवढीच.

हे दुखणे नवे नाही, हे अधिक चीड आणणारे आहे. 31 जानेवारी 2014 रोजी अमेरिकेच्या एफएएने हवाई सुरक्षेच्या देखरेखीत भारताला पहिल्या श्रेणीतून दुसऱ्या श्रेणीत ढकलले. पुरेसे प्रशिक्षित निरीक्षक नाहीत, हे त्यामागचे एक मोठे कारण होते. त्याच्या थोडेच दिवस आधी केंद्रीय मंत्रिमंडळाने 75 पूर्णवेळ निरीक्षक घ्यायला घाईघाईने मंजुरी दिली होती. घर पेटल्यावर विहीर खणायचा हा प्रकार. पहिली श्रेणी परत मिळायला एप्रिल 2015 उजाडले. मधल्या काळात भारतीय कंपन्यांना अमेरिकेला नवी उड्डाणे सुरू करता आली नाहीत. न्यूजर्सीला मुलाकडे निघालेल्या पुण्याच्या आईवडिलांना तेव्हा या कारणाची गंधवार्ताही नसेल. त्यानंतर दहा वर्षांनी पुन्हा तीच रिकामी खुर्ची.

भरती का होत नाही? समितीने बोट ठेवले ते लोकसेवा आयोगामार्फत होणाऱ्या संथ भरतीवर, आणि डीजीसीएला पूर्ण प्रशासकीय व आर्थिक स्वायत्तता द्यावी असे सुचवले. दुसरे कारण कुणालाही दिसण्यासारखे आहे: ज्या अनुभवी माणसाला विमान कंपनी चांगला पगार देते, त्याने तिची उणीदुणी काढायला कमी पगारावर का यावे? यावर एक युक्तिवाद नेहमी होतो, की कंपन्यांचे स्वतःचे अंतर्गत लेखापरीक्षण असते. असते. पण मे 2025 मध्ये केलेल्या अचानक तपासण्यांत असे आढळले की, एका मोठ्या भारतीय कंपनीची तीन एअरबस विमाने सुटकेच्या घसरगुंड्यांच्या तपासणीची मुदत उलटल्यावरही उडत होती. त्याबद्दल डीजीसीएने तिला ताकीद दिली, तेव्हा त्या कंपनीचेही अंतर्गत लेखापरीक्षण होतेच. चूक सापडली ती बाहेरून आलेल्या माणसाला. आणि ती ताकीद प्रवाशांना कळली ती बातमीदारांमुळे. उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात काय सापडले हे कधीतरी छापून येते, विमानाच्या केबिनमध्ये काय सापडले ते का येऊ नये? प्रत्येक कंपनीच्या केबिन तपासण्यांचे निष्कर्ष डीजीसीएने दर तिमाहीला जाहीर करावेत. विमाने किती वेळेवर सुटली याचे आकडे दर महिन्याला निघतात, मग हेही निघू शकतात.

निघाले तर त्यांत एक रकाना आणीबाणीच्या दाराजवळच्या रांगेचा असावा.

22 ऑगस्ट 1985 रोजी मँचेस्टरला ब्रिटिश एअरटूर्सचे बोइंग 737 उडण्यापूर्वीच पेटले आणि 55 जण मेले. पंखावरच्या दाराशेजारी बसलेली तरुणी दार उघडायला म्हणून खुर्चीचा हात ओढत राहिली. अखेर झडप निघाली ती आतल्या बाजूला, तिच्या अंगावर. वजन 20 किलोहून जास्त. मधल्या सेकंदांत धूर पुढे सरकत होता, जळत्या आसनांमधून विषारी वायू निघत होते. आज त्या रांगेत पाय ठेवायला जागा जास्त असते, जमिनीलगत दिव्यांची ओळ असते, आसनांना लवकर पेट न घेणारे आवरण असते, यामागे या आणि अशा आगींच्या चौकशांचा मोठा वाटा आहे. पण जागा जास्त म्हटल्यावर ती रांग जादा पैसे घेऊन विकली जाऊ लागली, आणि आता तिथे सर्वांत सक्षम प्रवासी नव्हे, सर्वांत लांब पायांचा किंवा सर्वांत सैल खिशाचा प्रवासी बसतो.

क्रूने त्याला विचारायचे असते: अडचण आली तर हे दार उघडाल ना, कसे उघडायचे ते समजले का? बहुतेक जण मोबाइलवरून नजर न हलवता मान डोलावतात. उडान योजनेनंतर ओझर, कोल्हापूर, नांदेडहून विमानात पहिल्यांदा बसणारी माणसे वाढली आहेत, आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. घोषणा मात्र हिंदीत आणि इंग्रजीत होतात. मराठी आली तर स्वागतापुरती येते. कोल्हापूरहून निघालेला एखादा शेतकरी त्या रांगेत बसतो, मुलीने तिकीट काढून दिलेले असते. क्रूमधली मुलगी वाकून इंग्रजीत काहीतरी विचारते. तो संकोचाने हसतो आणि मान हलवतो. दोन रांगा मागे कुणी निरीक्षक बसलेली असेल, तर ती वहीत नोंद करते, आणि उतरल्यावर त्या मुलीला बाजूला घेऊन म्हणते, त्यांना परत विचारायला हवं होतंस, मराठीत.