'पडीक जमीन' नावाची थाप

टुंड्रा म्हटलं की आपल्याला शाळेच्या भूगोलातल्या दोन ओळी आठवतात. झाडं नाहीत, थंडी फार. संपला टुंड्रा! चला, आज तुम्हाला तिकडे फिरवून आणतो. व्हिसा नको, तिकीट नको, मनानेच जायचंय. अट एकच, 'तिथे काय आहे, नुसतं ओसाड' हे वाक्य येताना तिथेच टाकून यायचं.

उतरलो आपण सैबेरियातल्या यामल द्वीपकल्पावर. महिना जुलै. सूर्य मावळायचं नाव घेत नाही. जमीन पायाखाली स्पंजसारखी दबते, कारण थोडं खाली ती बारमाही गोठलेली आहे आणि वरचं पाणी मुरायला वाट नाही. झुडपं ठेंगणी, डास मात्र भरपूर. आणि रेनडियरच्या कळपांबरोबर तंबू, बायकापोरं, अख्खा संसार स्लेजवर लादून चाललेले नेनेत्स लोक. वर्षाला शेकडो किलोमीटरची वाट, पिढ्यान्‌पिढ्यांची. आता सांगा, रिकामं कुठे आहे हे?

पण सत्तेला ते रिकामंच दिसतं. नोवाया झेम्ल्या बेटांवर सोव्हिएत सरकारला अणुचाचण्या करायच्या होत्या. तिथल्या नेनेत्स कुटुंबांना १९५०च्या दशकात उठवलं. मग ३० ऑक्टोबर १९६१ रोजी जगातला आजवरचा सर्वांत मोठा अणुबॉम्ब तिथे फोडला. आधी माणसं हलवायची, मग म्हणायचं इथे कोणी राहत नाही. वा रे हिशोब!

नोरिल्स्क घ्या. गुलागच्या कैद्यांच्या कष्टांवर उभं राहिलेलं निकेलचं शहर. २९ मे २०२० रोजी तिथल्या वीजकेंद्राची टाकी फुटली आणि २० हजार टनांच्या आसपास डिझेल नद्यांत आणि मातीत गेलं. कंपनीने बोट कुठे दाखवलं? गोठलेली जमीन वितळली म्हणे! म्हणजे दोष जमिनीचाच. सरकारी चौकशीत मात्र टाकीच्या पायातल्या आणि देखरेखीतल्या चुका निघाल्या.

२०१६च्या उन्हाळ्यात याच यामलवर पारा ३५ अंशांकडे गेला. गोठलेली जमीन विरघळली आणि जुना अँथ्रॅक्स पुन्हा उसळला. दोन हजारांहून जास्त रेनडियर मेले, १२ वर्षांचा एक मुलगा गेला. रेनडियरना लस देणं सरकारने २००७ मध्येच थांबवलं होतं. जिथे कोणी नाहीच असं मानलं, तिथे लस कोणाला देणार?

आणि जगभरच्या अशा गोठलेल्या मातीत आज हवेत आहे त्याच्या जवळपास दुप्पट कार्बन कोंडलेला आहे. तो सुटला तर कोणत्याही देशाची सीमा बघणार नाही.

काही जण म्हणतील, मग काय विकासच करायचा नाही? गॅस नको, निकेल नको? हवं ना! मोबाईल माझ्याही हातात आहे. प्रश्न एवढाच की जमीन घेताना विचारलं कोणाला आणि किंमत मोजली कोणी.

इतक्या लांबचं का सांगतोय? कारण हीच थाप आपल्या दारात आहे. सोलापूर, नगर, पुण्याकडची माळरानं कागदोपत्री सर्रास 'पडीक' ठरतात. धनगरांची मेंढरं तिथे चरतात, लांडगे-चिंकारे तिथे जगतात, माळढोक तर आपल्या डोळ्यांदेखत तिथून जवळजवळ संपला. तरी कोणी उठतो आणि म्हणतो, मोकळीच तर जागा आहे, टाका प्रकल्प. दुसरा उठतो आणि गवताळ माळावर खड्डे खणून झाडं लावतो, वर फोटो काढतो.

झाड नाही म्हणजे काहीच नाही, हे डोक्यातून काढा. पुढच्या ग्रामसभेत कोणी 'पडीक जमीन' म्हणालं की उभं राहून विचारा: इथे चरतं कोण? पाणी जातं कुठे? आणि ही पडीक ठरवली कोणी? उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.